डावा हात मंदावला आहे की शिकतो आहे?

सोमवारची ओपीडी संपत आली होती. बावन्न-त्रेपन्न वर्षांचे एक गुरुजी आत आले. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आणि गावच्या भजनी मंडळात तीस वर्षांपासून पेटी वाजवणारे. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) खुर्चीवर टेकताच त्यांनी डावा हात माझ्या टेबलावर ठेवला, एखादी बिघडलेली वस्तू दुरुस्तीला आणावी तसा.

"साहेब, हा हात ऐकत नाही जी. मंदावला आहे. वडिलांना कंपवात होता. मलेही तोच लागला का, तेवढं सांगा."

कधीपासून, कशात, असे विचारल्यावर थोडे संकोचून त्यांनी गिटारचे नाव काढले. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याची गिटार घरी पडून होती. दोन महिन्यांपासून गुरुजी मोबाइलवर व्हिडिओ लावून रोज तासभर बसत. 'सी'ची कॉर्ड लागते, 'जी'ची लागते, आवाजही स्वच्छ येतो. पण एका कॉर्डवरून दुसरीवर जायचे म्हटले की डावा हात हवेतच थिजतो. बोटे एकेक करून जागा शोधतात, तोवर गाणे पुढे निघून गेलेले असते. व्हिडिओतला मुलगा सांगतो, आठ-पंधरा दिवसांत जमेल. इथे दोन महिने झाले.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कंपवात बहुधा एकाच बाजूने सुरू होतो आणि हाताची थरथर दिसण्याआधी बारीक कामांतला मंदपणा रुग्णाच्या लक्षात येऊ शकतो. म्हणून आधी तपासणी केली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितले. कंपवातात ही हालचाल नुसती हळू होत नाही, ती लहान लहान होत जाते. पहिल्या चार-पाच वेळा बोटे मोठी उघडतात, मग फट कमी होत जाते. गुरुजींची बोटे शेवटपर्यंत सारखीच उघडत होती. उजव्यापेक्षा डावा हात किंचित मागे होता, पण उजव्या हाताने काम करणाऱ्याचे तसे असतेच. मनगट फिरवून पाहिले, ताठरपणा नव्हता. व्हरांड्यात चालायला लावले, दोन्ही हात सारखे हलत होते. एक परिच्छेद लिहून घेतला. कंपवातात अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते, यांचे शेवटपर्यंत फळ्यावरच्यासारखे ठसठशीत होते. सदऱ्याची बटणे, भाकरीचा तुकडा मोडणे, वास येणे, झोपेत हातपाय झाडणे, सगळे विचारून झाले. कशातच काही नव्हते.

यातला मुख्य फरक वाचकांनीही लक्षात ठेवावा असा आहे. कंपवातात वर्षानुवर्षे सहज होणारी कामे जड होतात. बटण लावणे, सही करणे, ताटात भात कालवणे, कुशीवर वळणे. नवीन कौशल्य शिकताना फक्त नवीन गोष्ट अडते, जुनी सगळी तशीच सुरळीत चालतात. मंदपणा नव्यात आहे की जुन्यात, हे आधी पाहावे. जुन्यात असेल तर डॉक्टरांकडे यावे, आणि घरात कुणाला कंपवात असेल तर जरा लवकरच यावे.

मग मी विचारले, "पेटीवर बोटे अडतात का?"

"छे! पेटीवर तर आपोआप पळतात."

"पेटी कोणत्या हाताने वाजवता?"

"उजव्या." आणि बोलता बोलता ते थांबले. डावा हात तीस वर्षे भाता मारत होता.

पेटी मूळची युरोपातली. तिथे ती पायाने चालवायची आणि दोन्ही हातांनी वाजवायची. आपल्या संगीत नाटकांतही पायपेटी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी घडवली, ती देशभर पसरली आणि तिने वादकांचा डावा हात भात्याला जुंपला. (आकाशवाणीने 1940 साली पेटीवर घातलेली बंदी तीन दशके टिकली, पण भजनी मंडळांना तिचा पत्ताही लागला नाही.) गुरुजींचा उजवा हात मुरलेला कलावंत आणि डावा हात आयुष्यभर मजुरी केलेला. आता पन्नाशीनंतर त्याला गिटारच्या दांडीवर बसवले होते आणि दोन महिन्यांत उजव्यासारखे चालावे, अशी अपेक्षा होती.

शिवाय कामही वेगळे आहे. आपले संगीत एका सुरामागून दुसरा सूर असे चालते. पेटीवर मुख्यतः एका वेळी एक बोट उचलायचे आणि दुसरे टेकवायचे. कॉर्ड म्हणजे तीन किंवा जास्त सूर एकदम. हिंदी चित्रपटगीतांत हा प्रकार रुजवण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून मुंबईच्या वाद्यवृंदांत आलेली ही मंडळी. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. ऐकायला आपला कान आता सरावला आहे. हाताला मात्र तीन बोटे एकाच क्षणी उचलून, हवेत त्यांचा आकार बदलून, तीन वेगळ्या तारांवर एकाच क्षणी उतरवायची असतात.

इथे बोटांची रचना आडवी येते. वाचकांनी आत्ताच करून पाहावे. तळहात टेबलावर पालथा ठेवा. मधले बोट आत मुडपून त्याचे पेर टेबलाला टेकवा, बाकी चार बोटे सरळ. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. उचलतात. आता अनामिका उचला.

बहुतेकांची जागची हलत नाही. बोटांत स्नायू नसतात. ती हलवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तिथून दोरीसारख्या शिरा, म्हणजे कंडरा, बोटांपर्यंत जातात. बोटे वर उचलणारा स्नायू चारही बोटांना सामाईक आहे. तर्जनी आणि करंगळीला त्याशिवाय स्वतःचा एकेक स्नायू मिळाला आहे. मधल्या बोटाला आणि अनामिकेला नाही, वर त्यांच्या कंडरा पंजाच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. मधले बोट खाली अडकले की अनामिकाही अडकते. गिटारवर 'सी'मधून नेहमीच्या 'जी'त जाताना पाचव्या तारेवरून थेट पहिल्या तारेवर, म्हणजे सर्वांत लांब उडी मारायची पाळी नेमकी याच अनामिकेवर येते. (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी.) गुरुजींनी माझ्या टेबलावर तीनदा प्रयत्न केला आणि त्यांचा चेहरा बराच सैल झाला.

पण रचना सगळ्यांची अशीच असते, तरी लोक गिटार वाजवतात. फरक मेंदूत पडतो. सुरुवातीला मेंदू प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम सोडतो. पुरेशा सरावानंतर तीन हुकमांची एकच मोळी बांधली जाते आणि 'सी ते जी' ही एकच हालचाल होऊन बसते. राजूर घाटात एसटीचा चालक क्लच, गिअर आणि वेग यांचा वेगवेगळा विचार करत नाही, तसेच. गुरुजींची चूक तीच होती जी जवळपास सगळे नवशिके करतात. ते तासभर कॉर्ड घोटत होते. 'सी' धरून दहा वेळा वाजवायची, मग 'जी' धरून दहा वेळा. त्या तासात प्रत्यक्ष बदल किती झाले? मोजले तर तीस-चाळीस. ज्याचा सराव केला ते आले, ज्याचा केला नाही ते आले नाही.

या मोळ्या कशा बांधल्या जातात, यावर मेंदूशास्त्रात गेली वीस-पंचवीस वर्षे बरेच काम झाले आहे. 2002 साली हार्वर्डच्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी उजव्या हाताच्या लोकांना डाव्या हाताने कीबोर्डवर चार बोटांचा एक ठरावीक क्रम भराभर दाबायला लावला. तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती. सकाळी शिकून संध्याकाळी पुन्हा तपासले तर फारसा फरक नाही. रात्रीच्या झोपेनंतर तपासले तर मधे काहीही सराव न करता वेग सुमारे 20 टक्के वाढलेला. याच गटाने 2004 मध्ये त्या क्रमातल्या एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाण्याच्या प्रत्येक जागेची वेळ अलग मोजली. आधीच सोप्या असलेल्या जागा झोपेनंतर जवळपास तेवढ्याच राहिल्या. जिथे बोट सर्वांत जास्त अडखळत होते, त्या जागा सर्वांत जास्त सुधारल्या. यातला काही भाग म्हणजे नुसता थकवा उतरणे असावा, असा आक्षेप नंतर काही संशोधकांनी घेतला आहे आणि तो वाद संपलेला नाही. वय वाढते तसा झोपेतून मिळणारा हा फायदा कमी होतो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. तरीही रात्री साडेबारापर्यंत गिटार कुटून सकाळी साडेपाचला उठणाऱ्या माणसाला मी झोप वाढवायलाच सांगेन. गुरुजी तसेच करत होते.

दुसरे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले, 2019 चे. तिथे दहा सेकंद सराव, दहा सेकंद स्वस्थ बसणे, अशी रचना होती. सुरुवातीच्या टप्प्यातली वेगवाढ सरावाच्या दहा सेकंदांत नव्हे, तर मधल्या विश्रांतीत दिसून आली. तासभर सलग बसण्यापेक्षा थोडे वाजवून थांबण्याला यातून आधार मिळतो.

आणि वय? 1995 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. नऊ तंतुवादक, त्यांत सहा व्हायोलिनवादक, दोन चेलोवादक आणि एक गिटारवादक. मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना मिळालेली जागा त्यांच्यात इतरांपेक्षा मोठी निघाली, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात अधिक मोठी. म्हणजे उशिरा सुरू करणाऱ्याला तोटा आहे, हे मान्यच करायला हवे. पण व्यासपीठावर वाजवणे आणि चार कॉर्डवर एखादे भावगीत न थांबता म्हणणे यांत अंतर आहे, आणि दुसऱ्यासाठी पन्नाशी हा अडथळा नाही.

वसतिगृहात असताना मीही चार-पाच कॉर्डपुरती गिटार वाजवत असे. त्या अनुभवावर गुरुजींना जे सांगितले ते इथे देतो. कॉर्ड घोटू नका, दोन कॉर्डमधला रस्ता घोटा. एका वेळी एकच जोडी घ्या. निघण्याआधी कोणते बोट जागचे हलवायची गरजच नाही, ते शोधा. 'सी'मधून 'ए मायनर'मध्ये जाताना तर्जनी आणि मधले बोट जिथल्या तिथे राहतात, फक्त अनामिका हलते. नवशिके तरीही तिन्ही बोटे उचलतात. 'ई'मधून 'ए मायनर'मध्ये जाताना तिन्ही बोटांचा आकार तोच राहतो, अख्खा आकार एका तारेने बारीक तारांकडे सरकतो. बोटे तारेपासून इंचभर वर न्यायचे कारण नाही, तार सुटण्यापुरती उचलली की पुरे. आणि उजवा हात थांबवायचा नाही. ताल चालू ठेवायचा, कॉर्ड अर्धवट लागली तरी चालेल, पण ठेका चुकता कामा नये. ठेका एवढा संथ ठेवावा की बदल त्यात मावेल. हे गुरुजींना समजावून सांगावे लागले नाही. पेटीवर पलटे त्यांनी ठाय लयीतच घोटले होते, नंतर दुप्पट, मग चौपट. गिटार हातात आल्यावर तेवढे विसरले होते.

दाबण्याचा जोर हीसुद्धा एक गोष्ट आहे. भीतीपोटी माणूस तार चिमटीत पकडल्यासारखी दाबतो, अंगठा मागून रेटतो आणि आवळलेला पंजा चटकन उघडत नाही. धातूच्या पट्टीच्या, म्हणजे फ्रेटच्या, अगदी मागे बोट ठेवले तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. दाब हळूहळू कमी करत जावा, तार खरखरायला लागली की त्याच्या किंचित आधी थांबावे. तेवढाच जोर लागतो.

'सी ते जी'साठी मी त्यांना दुसरी बोटयोजना सुचवली. अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्यावर, मधले बोट चौथ्यावरून पाचव्यावर, दोघांचाही प्रवास एकेका तारेचा. पहिल्या तारेसाठी रिकामी असलेली करंगळी. अनामिकेची लांब उडी वाचते.

गुरुजींनी हवेत करून पाहिले आणि म्हणाले, "करंगळी पसरतच नाही जी. आखडल्यासारखी आहे."

मी त्यांना नमस्कार करायला सांगितला. छातीसमोर, कोपरे बाहेर, तळवे एकमेकांवर घट्ट दाबून. निरोगी हातांची बोटे पेरापेरांनिशी जुळतात. गुरुजींचे तळवे टेकले, पण दोन्ही करंगळ्यांच्या आणि काहीशा अनामिकांच्याही मधे फट राहिली, कितीही दाबले तरी. ही साधी नमस्काराची तपासणी आहे. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की सांध्यांभोवतीची त्वचा आणि ऊती जाड, चिवट होतात आणि बोटे पूर्ण सरळ होत नाहीत. बहुधा सुरुवात करंगळीपासून होते आणि दुखत नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

मधुमेह होता. आठ वर्षांपासून. तो त्यांनी सांगितला नव्हता, कारण तक्रार हाताची होती. गोळ्या चालू होत्या, तपासणी दोन वर्षांत झाली नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी केली, 9.2 निघाली. माझ्या दृष्टीने त्या दिवशीचा महत्त्वाचा आकडा तो होता. बोटांतली ही फट ज्यांना असते त्यांच्यात डोळ्याच्या पडद्याचे आणि मूत्रपिंडाचे विकार जास्त आढळतात, म्हणून पडद्याची तपासणी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लगेच लिहून दिली. कंपवाताच्या भीतीने आलेला माणूस नेत्रविभागाचा कागद घेऊन बाहेर पडला.

वाद्य वाजवणाऱ्यांच्या हाताबाबत आणखी काही खुणा सांगून ठेवतो, कारण 'सरावाने जाईल' म्हणून त्या अंगावर काढल्या जातात. सकाळी बोट मुडपलेले राहते आणि खट्कन आवाज होऊन सुटते, ते 'ट्रिगर फिंगर'. तळहाताशी कंडरा तिच्या खोबणीत अडकते. मधुमेहींत ते बरेच जास्त दिसते. त्यावर उपचार आहेत, पण स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर मधुमेहींची साखर काही दिवस चढते, ते आधी माहीत असावे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. मनगट फार वाकवून गिटार धरणाऱ्यांचा हा त्रास वाढतो. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर तारेने पडलेली भेग किंवा फोड कळत नाही, सराव झाल्यावर बोटे उजेडात पाहावीत. नवशिक्यांच्या बोटांना पडणारे घट्टे मात्र निरुपद्रवी, त्यांना ब्लेड लावू नये.

एक प्रकार विरळा आहे. इतर सगळ्या कामांत हात ठीक, पण फक्त वाद्यावर एखादे बोट आपोआप आत वळते किंवा ताठ होते, दुखत नाही आणि जास्त सराव केला की वाढते. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांत शंभरात साधारण एकाला होतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात 1960 च्या दशकात यामुळे निकामी झाला. ते कित्येक वर्षे डाव्या हाताने वाजवत राहिले आणि बोटॉक्सच्या उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. इथे मेंदूत बांधलेली मोळीच बिघडलेली असते, म्हणून नेटाने आणखी घोटणे हा उपाय नव्हे. नवशिक्याने याची धास्ती घेऊ नये. हा त्रास बहुतेक वर्षानुवर्षे तासन् तास वाजवणाऱ्यांचा आहे.

तीन महिन्यांनी गुरुजी एनसीडी क्लिनिकच्या रांगेत दिसले. एचबीएवनसी 7.9 वर आली होती. नेत्रविभागाने पडद्यावर सुरुवातीचे बदल असल्याचे लिहिले होते. लेझरची आत्ता गरज नाही, पण दर वर्षी तपासणी चुकवायची नाही. लघवीत प्रथिने नव्हती. करंगळीची फट होती तेवढीच होती. ती सहसा मागे जात नाही, बोटे ताणण्याच्या व्यायामाने निदान वाढू नये एवढा प्रयत्न करायचा. त्यांनी अनामिकेची लांब उडीच पसंत केली होती. रोज तीनदा दहा-दहा मिनिटे, मधे मधे थांबून, आणि साडेदहाला झोप. मिनिटाला 'सी ते जी' किती बदल होतात ते त्यांनी शाळेच्या जुन्या वहीत तारखेनिशी लिहिले होते. पहिल्या दिवशी अकरा, परवा चौतीस. मधे आठवडाभर आकडा हललाच नव्हता, तिथे त्यांनी लाल शाईने 'परीक्षा' असे लिहिले होते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस असावेत.

वही मिटता मिटता त्यांनी विचारले, "साहेब, एफची कॉर्ड काही लागत नाही. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायच्या म्हणतात. ते बोटामुळे असेल का?"

तर्जनी तपासली. ती पूर्ण सरळ होत होती. एफ मलाही वसतिगृहात कधी धड लागली नव्हती, ते त्यांना सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.